उसनं हिम

जानेवारीच्या चोवीस तारखेला पाऊस पडला,
दिवसभर, कुणीतरी बंद करायला विसरलेल्या
नळासारखा.

सायमावर बर्फ होता, वीतभर जाड,
पण त्यावर हिम नव्हतं.
आणि नॉर्प्पाला दोन्ही लागतं:
खाली बर्फ, नखांनी कोरून श्वासाचं भोक राखायला,
वर हिमाचा ढीग, आतून पोखरायला.
बाळंतिणीची खोली ती.
दार पाण्यात. खिडकी नाही.

थंडी परतली तशी मिर्वाचा फोन आला:
"उद्या सहाला. फावडं आण. डबा आपापला."
मिर्वा सीलांवर संशोधन करते.
माणसांशी बोलताना शब्द मोजते.

तैस्तो सगळ्यांच्या पुढे, लोखंडी पहार आपटत.
"टक् म्हणतोय तोवर चाला.
डब् म्हणाला की जागच्या जागी थांबा."
चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस,
पायाखालचं सरोवर
दार ठोठावल्यासारखं विचारत चालला होता.

बेटाच्या उत्तरेला, स्प्रूसच्या सावलीत,
पावसातून वाचलेलं थोडं हिम होतं.
तेच आम्ही उसनं घेतलं.
पोरांच्या घसरगाड्या, जुनी ताडपत्री, माझी धुण्याची पाटी,
आणि वीस-वीस पावलांच्या खेपा.
हिमात सुया होत्या, सालपटं होती,
सशाच्या लेंड्यासुद्धा.
"हे चालेल तिला?" एलिसनं विचारलं. तेरा वर्षांचा आहे.
"ती घर बघायला येत नाही," मिर्वा म्हणाली,
"अंधारातून, खालून वर येते."
"आणि पुढच्या वर्षी एवढंही नसलं तर?"
"मग प्लायवूड," मिर्वा म्हणाली,
आणि काठी रोवून ढिगाची उंची मोजू लागली.

मला हसू आलं नाही.
माझी मुलगी जन्मली रस्त्यात, रुग्णवाहिकेत,
हिमानं वाट अडवली होती म्हणून.
त्या रात्री मी हिमाला
येतील तेवढ्या शिव्या घातल्या.
आज त्याचीच पाटी कमरेवर घेऊन
सांडू नये म्हणून जपून चालत होते.

कॉफीच्या वेळी तैस्तो बोलला, कुणाकडेच न बघता.
त्याच्या बापाला एका नॉर्प्पामागे बक्षीस मिळायचं.
तैस्तोचे पहिले बूट त्या पैशांतले.
"ते बापाचं. माझं वेगळं.
एका जूनमध्ये जाळं ओढलं, जड लागलं.
वाटलं, मोठा मासा.
पिल्लू होतं. डोळे उघडे.
सौनामागे पुरलं. बायकोलाही सांगितलं नाही."
थर्मासचं झाकण त्यानं दोनदा लावलं, दोनदा काढलं.
एलिसनं आपली अर्धी पुल्ला
त्याच्या हातमोज्यावर ठेवली.
तैस्तोनं ती खाल्ली.

दिवस मावळेपर्यंत सहा ढीग झाले,
प्रत्येक आठ मीटर लांब, माझ्या छातीएवढा,
किनाऱ्याला टेकून.
वाऱ्यानं रचल्यासारखे दिसावेत
म्हणून मिर्वानं फावड्याच्या पाठीनं कडा उतरत्या केल्या.
मग म्हणाली, "आता इथे कुणी यायचं नाही."

कुणी गेलंही नाही.
फेब्रुवारीत मी बस चालवताना
वळणावर त्या बाजूला बघायचे.
बेट दिसतं तिथून. ढीग दिसत नाहीत.
नॉर्प्पा तर मी आयुष्यात दोनदाच पाहिली आहे,
तीही डोक्याएवढीच,
पाण्यात बुडता बुडता.

एप्रिलच्या शेवटी छतं खचली.
मिर्वा होडीनं जाऊन आली
आणि सगळ्यांना एकच निरोप धाडला:
"सहांपैकी दोन वापरले.
तिसऱ्यात, आतल्या भिंतीला, पिल्लाचे केस. करडे."

तिसरा कुणी रचला होता, कुणालाच आठवेना.
एलिस म्हणे, आपण. मला वाटलं, मी.
तैस्तोनं विचारलंच नाही.
दुपारी त्याच्या अंगणावरून गेले तेव्हा
तो पायरीवर बसून
फावड्याच्या दांड्याला तेल लावत होता,
बाहेर ऊन, बर्चला पालवी,
आणि सौनामागच्या जागेवर
कुणीतरी नुकतंच गवत काढलेलं.